जोडीणीची हजेरी

बास्केटबॉलच्या मैदानावर रेषा मारायची तर फक्की कोरडी पाहिजे. दमट झाली की डब्यातून ढेकळं पडतात आणि रेषा जागोजागी सुजल्यासारखी दिसते. मी सकाळी सातला कॉलेजात जायचे. आधी खराट्यानं मैदान झाडायचं, धूळ बसायला पाण्याचा सडा मारायचा, तो वाळला की सुतळी ताणून रेषा मारायच्या. आमचं मैदान मातीचं होतं. सिमेंटचं झालं तेव्हा माझी नोकरी संपत आली होती.

मी कॉलेजात सेविका होते. मालक तिथंच शिपाई होते, ते वारल्यावर त्यांच्या जागेवर मला घेतलं. कागदावर माझं काम झाडलोट, पाणी आणि घंटा. पण मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत एक बाई लागते, असा नियम आहे. कॉलेजात प्राध्यापक बाया दोनच. एकीचं मूल लहान, दुसरीला गाडी लागायची. म्हणून जोगदंड सर, म्हणजे आमचे खेळाचे सर, माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मावशी, तुमाला गाडी लागती का?" मी मानेनंच नाही म्हणाले. तेव्हापासून सतरा वर्षं मी मुलींच्या संघाबरोबर गेले.

मला चारचौघांत बोलता येत नाही. पुरुषमाणसासमोर तर शब्दच फुटत नाही. पण संघाबरोबर जाणाऱ्या बाईला बोलावं लागतच नाही. पाण्याची कळशी भरायची, बनियनी धुवायच्या, केस बांधून द्यायचे, कुणाला पोटात दुखत असलं तर सरांच्या नकळत गूळ-ओवा द्यायचा, आणि मुली जितक्या नेल्या तितक्या परत आणायच्या. शेवटचं काम सगळ्यात मोठं.

खेळ मला उशिरा कळला. आधी वाटायचं, दहा जणी एका चेंडूसाठी भांडतात आणि चेंडू मिळाला की लगेच फेकून देतात, मग भांडल्या कशाला? हळूहळू समजलं, की एका बाजूला पाच जणी असतात, चेंडू हातात धरून पळता येत नाही, आपटत न्यावा लागतो, आणि एकटीनं नेला तर समोरच्या पाच जणी तिला घेरतात. म्हणून तो दुसरीला द्यावाच लागतो. सगळा खेळ त्या देण्यात आहे.

मी कडेला कळशीजवळ बसायचे. माझं लक्ष चेंडूपेक्षा आवाजाकडे असायचं. ज्या वर्षी मुली "मला दे, मला दे" ओरडायच्या, त्या वर्षी आम्ही पहिल्याच सामन्यानंतर घरी. ज्या वर्षी एकमेकींची नावं ऐकू यायची, "सुने, मागं!", "रेखे, डावीकडं!", त्या वर्षी आम्ही दोन-तीन सामने पुढं जायचो. एकदा धीर करून सरांना हे सांगितलं. सर म्हणाले, "मावशी, ह्यालाच टीमची केमिस्ट्री म्हणतेत." केमिस्ट्रीची प्रयोगशाळा मीच झाडायचे. तिथल्या बाटल्यांना मी हात लावत नसे, कशात काय मिसळलं तर काय होईल याचा नेम नाही. सरांचं म्हणणं मला लगेच पटलं.

एक चूक आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी होईन.

रेषांची मापं सरांनी मला सुतळीवर गाठी मारून दिली होती. त्यातली एक गाठ फ्री थ्रोच्या रेषेची. समोरच्या संघानं धक्काबुक्की केली की आपल्या मुलीला त्या रेषेवर उभं करून एकटीला चेंडू टाकू देतात, मधे कुणी यायचं नाही. एका पावसाळ्यात उंदरांनी सुतळीचं टोक खाल्लं. सुतळी उघड्यावर ठेवली होती मीच. सरांना सांगायची लाज वाटली, म्हणून मी अंदाजानं नवी गाठ मारली.

त्या वर्षी आमच्या मुली फ्री थ्रोला अशा तयार झाल्या, की सर प्राचार्यांना बोलावून दाखवायचे. त्यातही रेखा. डोळे मिटून टाकला तरी आत. मग अंबाजोगाईला सामना झाला आणि तिचा एकही चेंडू रिंगपर्यंत पोचेना. सगळे अलीकडेच पडायचे. सर ओरडत होते, "पोरींनो, जेवला न्हाई का गं सकाळी?" सामना हरल्यावर सगळे चहाला गेले, तेव्हा मी चपला काढून बोर्डाच्या खालून त्या रेषेपर्यंत पाऊल मोजलं, टाचेला अंगठा लावून. वीस भरलं. आमच्याकडे एकोणीस होतं.

मी कुणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सहालाच जाऊन रेषा एक पाऊल मागं घेतली. मुली म्हणाल्या, "मावशी, रेषा लांब गेली का वो?" मी म्हणाले, "न्हाई तर." रेखा मात्र त्यानंतर मैदानावर आली नाही. तिला वाटलं, आपला हातच गेला. तिचं लग्न झालं, दोन मुलं आहेत, बाजारात भेटली की पाया पडते. तिला मी अजून सांगितलेलं नाही. ही वही कधी कुणी वाचली तर तिला सांगावं.

आता हजेरीचं.

मी चौथीनंतर शाळा सोडली, कारण आई-बापाबरोबर ऊस तोडायला जायला लागले. टोळी निघायची तेव्हा मुकादम कोयते मोजायचा. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पोरं त्याच्या मोजण्यात नसायची, ती आया मोजायच्या. माझी आई आणि शेजारची गयाबाई यांनी एक रीत पाडली होती. आपली पोरं आपण मोजायची नाहीत. आई गयाबाईच्या पोरांकडे बघून एकेकाचं नाव घेऊन "आला", "आली" म्हणायची आणि गयाबाई आम्हा भावंडांची नावं घ्यायची. एकदा मी आईला विचारलं, "असं कावून?" आई म्हणाली, "आपलं लेकरू आपल्याला न बघताच दिसतंय, म्हणून ते मागं ऱ्हातं. दुसरीचं बघावं लागतंय."

मुलींना घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा मला हीच रीत आठवली. दहा मुलींच्या पाच जोड्या लावायच्या. गाडी कुठंही थांबली की निघायच्या आधी मी नाव घ्यायचं आणि उत्तर तिनं द्यायचं नाही, तिच्या जोडीणीनं द्यायचं. "सुनीता?" की जोडीण म्हणणार, "आली." पाचही जोड्या झाल्या की मी गाडीवाल्या इस्माईलभाईंना "चला" म्हणायचे. सर आधी हसले. पण मग मैदानावरही मुली जोडीणीकडे नजर ठेवायला लागल्या, तेव्हा जोड्या लावायचं काम त्यांनी माझ्यावरच सोपवलं. बोलता न येणाऱ्या बाईला एवढा मान पुरे होता.

दुसरा नियम फोनचा. गाडीत बसताना सगळ्यांचे फोन माझ्या पिशवीत. तिसरा नियम, चुकामूक झाली तर जागा सोडायची नाही. तिथंच उभं राहायचं, मी येणार.

शारदा आमची कप्तान. उंच, हाडापेरानं मोठी, बोलायला फटकळ. तिसऱ्या वर्षाला होती, म्हणजे तिचं शेवटचं वर्ष. त्याच वर्षी नांदूरघाटची माणिक पहिल्या वर्षाला आली. बुटकी, काटक, आणि चेंडू तिच्या हाताला दोरी बांधल्यासारखा परत यायचा. वडील सोपानराव शेळ्या-मेंढ्या राखायचे. सर आणि मी तिच्या घरी परवानगी मागायला गेलो. सर अर्धा तास बोलले. विद्यापीठ, प्रमाणपत्र, नोकरी, सगळं सांगितलं. सोपानराव काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सर, तुमचं समदं खरं हाय. पर पोरगी तुमच्या भरवशावर न्हाई देत. ह्या बाई काईच बोलल्या न्हाईत, त्येंच्या भरवशावर देतो. एकदा जरी पोरीला वाऱ्यावर सोडल्याचं कळलं, तर खेळ बी बंद आन् कॉलेज बी बंद."

मी मान हलवली. बाहेर आल्यावर माणिक माझा हात धरून म्हणाली, "मावशी, आता माझं समदं तुमच्या हातात हाय बगा."

माणिक आली तशी शारदा बदलली. आधी चेंडू शारदाकडूनच सगळीकडे जायचा. आता मुली माणिककडे बघायला लागल्या. शारदा तिला चेंडू देईना. माणिक मोकळी उभी असली तरी शारदा लांबून अवघड फेक करायची. मुलींच्यात दोन तट पडायला लागले. "ती लई शानी हाय", "हिला कप्तानकीचा माज आलाय." माझ्या कानावर पुन्हा "मला दे, मला दे" यायला लागलं.

तेव्हा मी शारदा आणि माणिकची जोडी लावली. मला वाटलं, एकमेकींची हजेरी देता देता मन वळेल. गयाबाई आणि आई मुळातच जीव लावून होत्या, म्हणून त्यांची रीत चालली, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी रीत उचलली आणि तिच्याखालचा जिव्हाळा धरून चालले.

सामने आष्टीला होते. सर आदल्या दिवशीच पुढं गेले होते. मी, नऊ मुली आणि इस्माईलभाई सकाळी निघालो. नांदूरघाटला माणिकला घेतलं. सोपानराव रस्त्यावर उभे होते. माणिक चढली तर खिडकीपाशी शारदा. माणिक म्हणाली, "शारदाताई, मला उलटी व्हती, खिडकी दे ना." शारदा म्हणाली, "बॉल तर समदा तुलाच पायजे, आता खिडकी बी?" मागं दोघी-तिघी हसल्या. माणिक आपली पिशवी घेऊन अगदी मागच्या सीटवर गेली.

चौसाळ्याला पेट्रोल पंपावर थांबलो. बायकांना बाहेरगावी निघालं की आधी संडासाची सोय बघावी लागते, हे पुरुषांना सांगून कळत नाही. मुली जाऊन आल्या, बसल्या. मी हजेरी घेतली.

"माणिक?"

शारदा खिडकीबाहेर बघत होती. तोंड न वळवता म्हणाली, "आली."

मागच्या सीटवर माणिकची पिशवी होती, तिच्यावर तिचा स्कार्फ. मीही मान वळवून पाहिलं, मला तो स्कार्फ दिसला. मी म्हणाले, "चला."

मांजरसुंबा मागं टाकून आम्ही पाटोद्याच्या रस्त्याला लागलो, तेव्हा मी दशम्या वाटायला काढल्या. दहा पुरचुंड्या बांधल्या होत्या. नऊ गेल्या, एक हातात राहिली. ती पुरचुंडी अजून मला हातात जाणवते. मी म्हणाले, "माणिक, घे गं." मागून आवाज नाही.

गाडीत असा कल्लोळ उठला, की इस्माईलभाईंनी गाडी कडेला घेतली. माणिकचा फोन माझ्याच पिशवीत होता. शारदाचा चेहरा पांढरा पडला. सुनीता तिला म्हणाली, "तूच म्हणलीस ना आली म्हणून!" शारदानं एकदम पदर पकडावा तसा माझा हात पकडला. "मावशी, गाडी वळवा. मावशी, वळवा ना."

सरांना फोन लावला. सर म्हणाले, "कुठवर आलात?" मी म्हणाले, "एक पोरगी मागं ऱ्हायली. आणायला चाललो." मग सर म्हणाले, "मॅच अकराची हाय. वेळेनंतर पंधरा मिनिटं थांबतेत. तवर पाच जणी कोर्टवर नसल्या तर हरलो म्हणून लिहितेत. पर आधी पोरगी घ्या." सरांचं हे शेवटचं वाक्य मी विसरणार नाही.

इस्माईलभाई एरवी खड्डा दिसला की बैलगाडीसारखे चालवणारे. त्या दिवशी म्हणाले, "मावशी, आँख बंद करो, नहीं तो अल्लाचं नाव घ्या," आणि गाडी अशी हाणली, की मी दोन्ही केलं.

माझ्या डोळ्यासमोर पंप नव्हता, सोपानरावांची काठी होती. मुलगी सापडेल याची मला खात्री होती, का ते सांगता येत नाही. पण घरी कळलं तर तिचं कॉलेज संपलं. आणि ते माझ्या भरवशावर होतं.

माणिक पंपाच्या ओट्यावर उभी होती. जिथं गाडी उभी होती, बरोबर तिथं. पंपावरच्या माणसानं सावलीत खुर्ची दिली होती, ती रिकामी होती. गाडी थांबायच्या आत शारदानं दार उघडून उडी मारली. धडपडली, गुडघा फुटला, तशीच उठून पळाली. पण तिच्याजवळ पोचल्यावर तिला काय करावं कळेना, नुसती उभी राहिली. माणिक तिच्या बाजूनं निघून माझ्याकडे आली.

"मावशी, म्या जागा सोडली न्हाई."

मी तिला पोटाशी धरलं. मला बोलता आलं नाही, त्यात नवीन काही नव्हतं. तिनं मागं जाऊन आपली पिशवी मांडीवर घेतली, ती आष्टीपर्यंत खाली ठेवली नाही. दशमीही खाल्ली नाही. मुलींनी गाडीतच ओढण्यांचा आडोसा धरून कपडे बदलले.

अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्ही मैदानात. सर फाटकात उभे होते. त्यांनी आधी माणिककडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

पहिला अर्धा सामना फार वाईट गेला. आता शारदा चेंडू हातात आला की माणिकलाच द्यायची, चूक फेडायची घाई झाल्यासारखी. आणि माणिक तो घेऊन बाकी तिघींना द्यायची, शारदाला नाही. शारदा बोर्डाखाली हात वर करून मोकळी उभी, आणि माणिक तिच्याकडे बघेना. आम्ही अकरा गुणांनी मागं होतो. सर डोकं धरून बसले होते.

मधल्या सुट्टीत मी पाणी दिलं. माणिक जमिनीवर बसली होती. शारदा तिच्यासमोर जाऊन बसली. गुडघ्यावर रक्त वाळलेलं. म्हणाली, "म्या बघितलंच न्हाई. न बघता आली म्हणले."

"रागानं?" माणिकनं विचारलं.

शारदानं आधी न्हाई म्हणायला तोंड उघडलं. मग म्हणाली, "रागानंच. पर तू खरंच ऱ्हायली असशील असं वाटलं न्हवतं गं."

माणिक थोडा वेळ बुटाची नाडी ओढत बसली. मग म्हणाली, "तुला ठाव हाय, म्या तिथं काय करत व्हते? गाड्या मोजत व्हते. दोनशे चौदा गेल्या. दोनशे पंधरावी आपली."

"माझ्यावर लई राग आला आसंल."

"शंभरापर्यंत लई आला. मग भ्याव वाटाया लागलं, राग कवा गेला कळलं न्हाई. तुमची गाडी दिसली, तवा परत आला."

सुनीताला हसू फुटलं. मग माणिकलाही. शारदा हसता हसता रडायला लागली. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्या काय करायल्या?" मी म्हणाले, "केमिस्ट्री." सतरा वर्षांत मी सरांशी केलेली ती एकच चेष्टा.

दुसऱ्या अर्ध्यात मी डोळे मिटून बसले असते तरी मला कळलं असतं. "शारदे!" "माणके, मागं बघ!" "सुने, तुझ्या डावीकडं!" नुसती नावं. शारदा न बघता चेंडू मागं टाकायची आणि माणिक तिथं असायची. न बघता दिसणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी मैदानावर दिसलं. आई म्हणायची त्याची दुसरी बाजूही होती तर. शेवटच्या मिनिटाला माणिकनं तिघींना स्वतःभोवती ओढून घेतलं आणि चेंडू त्यांच्या पायांमधून आपटून शारदाला दिला. शारदानं टाकला. एका गुणानं जिंकलो. पुढच्या सामन्यात दुपारी हरलो, तेही सांगायला पाहिजे. पण मुली हरूनही गात परत निघाल्या.

नांदूरघाट जवळ यायला लागलं तसं गाणं थांबलं. सुनीता म्हणाली, "मावशी, माणिकच्या घरी कायी बोलू नगा. कुणाला कळणार हाय?" सगळ्यांचं तेच म्हणणं. माणिक माझ्याकडे बघत होती. तिला खेळायचं होतं. मी तोंड मिटलं असतं तर ती खेळली असती. तोंड मिटणं मला सगळ्यात सोपं होतं.

पण मला रेखा दिसत होती.

सोपानराव दारापुढं मेंढरं आत घेत होते. दिवस मावळायला अजून वेळ होता. मी गाडीतून उतरले. माझ्या मागं शारदा उतरली. मी म्हणाले, "दादा, सकाळी चौसाळ्याला पोरगी मागं ऱ्हायली. गाडी पुढं गेली. पाऊण तास ती एकटी व्हती. जोडी म्या लावली व्हती, म्या मान वळवून नीट बघितलं न्हाई. चूक माझी हाय." एवढं मोठं बोलणं मी परक्या पुरुषासमोर आयुष्यात पहिल्यांदा केलं. शारदा मागून म्हणाली, "मावशीची न्हाई, माझी."

सोपानरावांनी शेवटचं मेंढरू आत घातलं, वाडग्याचं फाटक लावलं. मग म्हणाले, "ठाव हाय मला."

ते आमच्याकडे वळले.

"पंपावर आमच्या भावकीतला हाय कामाला. त्यानं वळखलं पोरीला आन् फोन केला. मेव्हण्याची फटफटी घिऊन गेलतो मी. रस्त्याच्या पल्याड पोचलो, तेवढ्यात तुमची गाडी आली." त्यांनी काठी शारदाकडे केली. "ही गाडी थांबायच्या आत उडी मारून उतरली. हिचा गुडगा फुटला. ते बघितलं आन् तसाच माघारी फिरलो. म्हणलं, संध्याकाळी बाई काय सांगतेत ते ऐकू. कायी न सांगता गेल्या असत्या, तर उद्यापासून पोरगी मेंढरामागं."

माणिक गाडीच्या दारात उभी होती. ते तिला म्हणाले, "जिंकला का?"

"एक जिंकला, एक हरला."

"मंग दुसरा बी जिंकायचा ना," ते म्हणाले आणि आम्हाला चहाला थांबवून घेतलं. शारदाच्या गुडघ्याला माणिकच्या आईनं हळद लावली.

त्यानंतर मी हजेरीची रीत थोडी बदलली. नुसतं बघून "आली" म्हणायचं नाही. जोडीणीचा हात धरून वर करून दाखवायचा, मग म्हणायचं.

शारदा आता एका शाळेत खेळाची बाई आहे. तिच्या मुलींनाही ती अशीच हजेरी घ्यायला लावते. तीच माझ्या मागं लागली आहे, मावशी, दिवाळी अंकाला लिहून द्या म्हणून. देईन की नाही ते अजून ठरलं नाही. आधी माझ्यापुरतं लिहून ठेवते आहे.

आष्टीनंतर पुढच्याच महिन्यात आम्ही पुन्हा निघालो होतो. नांदूरघाटला माणिक चढली. खिडकी रिकामी होती, शारदानं ठेवली होती. या वेळी सोपानराव रस्त्यावर थांबले नाहीत, थेट गाडीच्या दाराशी येऊन उभे राहिले. मी हजेरी सुरू केली.

"माणिक?"

शारदानं तिचा हात धरून वर केला. "आली."

"शारदा?"

"आली."

पाचही जोड्या झाल्या. मी इस्माईलभाईंना "चला" म्हणणार, तेवढ्यात सोपानराव म्हणाले, "थांबा. आन् बाईंचं?"

मला कळलं नाही.

"बाईंची हजेरी कोण देतंय?"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. इतकी वर्षं जात होतो, हे कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही. मग माणिक खिडकीपासून उठली, सगळ्यांच्या गुडघ्यांवरून वाट काढत पुढं आली, माझा हात धरला आणि बापाला दिसेल असा वर केला.

"मावशी आली."

सोपानरावांनी काठीनं गाडीच्या टपावर दोनदा वाजवलं.

"जाऊ द्या आता."